बॉथवेलचा अर्ल आणि सैतानाशी संधान : एका आरोपाची चिकित्सा

इ. स. १५९१ च्या एप्रिल महिन्यात बॉथवेलचा अर्ल फ्रान्सिस स्ट्यूअर्ट यास एडिंबरोच्या किल्ल्यात बंदिवान करण्यात आले. त्या वेळी तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. पाचव्या जेम्सच्या अनौरस पुत्राचा हा पुत्र, म्हणजे स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याचा नात्याने मामेभाऊ. चेटूक करणाऱ्यांच्या द्वारे सैतानाशी संधान बांधून राजाचा प्राण घेण्याचा कट त्याने केला, असा आरोप होता. चॅन्सेलर जॉन मेटलंड याच्याशी त्याचे वैर सर्वश्रुत होते, आणि १५८९ च्या बंडात तो दोषीही ठरला होता. तेव्हा मानभंग झालेल्या तरुणाने सूडासाठी सैतानाची कास धरली, हे स्पष्टीकरण अनेकांस पटावे यात नवल नाही. परंतु हा आरोप कोणत्या क्रमाने आकारास आला हे पाहू गेल्यास वेगळे चित्र दिसते.

प्रारंभ झाला तो समुद्रावरील वादळांपासून. १५८९ च्या शरद् ऋतूत डेन्मार्कची राजकन्या ॲन हिचे जहाज वादळामुळे नॉर्वेच्या किनाऱ्यास लागले. तिला आणण्यासाठी जेम्स स्वतः गेला आणि मे १५९० मध्ये परतला. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये या वादळांचा दोष काही स्त्रियांच्या माथी मारून त्यांना जाळण्यात आले. वर्षअखेरीस तोच संशय स्कॉटलंडमध्ये उतरला. ट्रॅनेंट येथील गिली डंकन या मोलकरणीचा तिच्या धन्यानेच छळ केला. तिच्या जबानीतून पुढे अ‍ॅग्नेस सॅम्सन आदींची नावे निघाली. मग नॉर्थ बेरिकच्या चर्चमधील सैतानाची सभा, समुद्रात टाकलेले मांजर, राजाची मेणाची प्रतिमा असे तपशील एकामागून एक जमत गेले. राजा स्वतः उलटतपासणीस बसला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अशा तपासात राजास जे ऐकावयाचे असे, ते बंदिवानांच्या तोंडून निघणे अस्वाभाविक नव्हते.

अर्लला किल्ल्यात पोहोचविले ते रिची ग्रॅहम या मांत्रिकाच्या जबानीने. उलट, या खटल्यांची हकीकत सांगणारी जी पुस्तिका १५९१ साली लंडनमध्ये छापली गेली, तिच्यात अर्लचे नावही नाही. आरोपाची रचनाही विचारात घेण्याजोगी आहे. अर्लने स्वतः आत्मा विकला, असा मुख्य दावा नव्हता. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर, अनुष्ठान करणारे वेगळे आणि यजमान वेगळा! सैतानाशी करार झाला असेल तर तो इतरांचा; अर्लकडे राहिला तो केवळ हेतू. हेतू सिद्ध करण्यास त्याचे जुने राजकीय वैर पुरेसे होते. १५६३ च्या कायद्याने चेटूक हा देहान्ताचा अपराध ठरला होता. त्यास राजद्रोहाची जोड मिळताच दरबारातील एक प्रबळ प्रतिस्पर्धी दूर करण्याचे साधन हाती आले.

पंचांना हे सर्वस्वी मान्य होते असेही नाही. बार्बरा नेपिअर हिला राजाविरुद्धच्या कटाच्या आरोपातून त्यांनी मुक्त केले, तेव्हा जेम्सने जून १५९१ मध्ये त्या पंचांनाच न्यायासनापुढे उभे केले. त्याच महिन्यात युफेम मॅकॅल्झिअन हिला जिवंत जाळण्यात आले, आणि अर्ल किल्ल्यातून निसटला.

यानंतरचा त्याचा सूड मात्र पूर्णपणे मानवी स्वरूपाचा होता. डिसेंबर १५९१ मध्ये त्याने होलिरूडच्या राजवाड्यावर आणि पुढील जूनमध्ये फॉकलंडवर हल्ला केला. २४ जुलै १५९३ रोजी तर तो थेट राजाच्या शयनगृहात शिरला. तेथे झालेल्या तडजोडीनुसार १० ऑगस्ट रोजी त्याची चौकशी होऊन चेटकाच्या आरोपातून तो निर्दोष सुटला. ग्रॅहमला जीवदानाचे आमिष दाखवून त्याच्याकडून नाव वदविले, असे अर्लच्या पक्षाचे म्हणणे होते. हा निर्णयही निखळ पुराव्यावर झाला असे मानणे भोळेपणाचे ठरेल. राजवाडा त्या वेळी कोणाच्या प्रभावाखाली होता हे विसरता येत नाही. ही अनुकूलता टिकली नाही. १५९५ मध्ये त्याने देश सोडला आणि १६१२ साली नेपल्स येथे त्याचा मृत्यू झाला.

१५९३ च्या त्या चौकशीत ग्रॅहमची उलटतपासणी होणे शक्य नव्हते. फेब्रुवारी १५९२ मध्येच त्याला जाळण्यात आले होते. अ‍ॅग्नेस सॅम्सन तर जानेवारी १५९१ मध्ये, म्हणजे अर्लच्या अटकेपूर्वीच, देहदंड भोगून गेली होती.