भुतांच्या गावाची रांग

अमेरिकेत भुतं बघायला जायचं तर आधी दिनदर्शिका उघडावी लागते. भुतं रोज नसतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबर संपेपर्यंतच्या ठरावीक रात्रीच ती असतात, आणि प्रत्येक रात्रीचा भाव वेगळा. शुक्रवार-शनिवारी तिकीटही महाग आणि गर्दीही मरणाची. गुरुवारी दोन्ही जरा बेताचं. दिवसाची बाग त्या दिवशी लवकर बंद करतात, माणसं बाहेर काढतात आणि अंधार पडल्यावर वेगळ्या तिकिटावर पुन्हा आत घेतात. सकाळचं तिकीट रात्री चालत नाही. पाहुण्यांनी सोंग घेऊन यायचं नाही. मुखवटा फक्त पगारी भुतांनी घालायचा. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असा सल्ला आहे, आणि अठराच्या आतल्या मुलांबरोबर किमान एकवीस वर्षांचं मोठं माणूस असावं असा नियम.

हा सगळा तपशील कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत राहणाऱ्या माझ्या भाचीने पाठवला. तिने बेत आखला होता ब्वेना पार्क या गावातल्या ‘नॉट्स बेरी फार्म’चा, ही बाग ऑक्टोबरात रात्रीपुरती ‘नॉट्स स्केरी फार्म’ होते. “मामा, तू जत्रांवर लिहितोस ना? मग ही पण जत्राच आहे, ये बघायला,” असं तिचं म्हणणं. तिचा थोरला चौदाचा आहे, धाकटी नऊची. थोरल्याला न्यायचं, धाकटीला घरी ठेवायचं, एवढं तिचं ठरलं होतं.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून पंचवीसेक वर्षं जत्रा, फिरते तंबू, सर्कशी यांच्या जाहिराती आणि कात्रणं जमवत आलो, त्यातूनच जे काही शिकलो ते शिकलो. त्यामुळे जाण्याआधी या जागेचा माग काढणं ओघानेच आलं. काढत गेलो तसं लक्षात आलं की हा इतिहास भुतांचा कमी आहे. तो रांगेचा आहे, आणि बाहेर पडायच्या दारांचा आहे.

सुरुवात होते फळांपासून. वॉल्टर नॉट हा शेतकरी १९२०मध्ये ब्वेना पार्कला खंडाने जमीन घेऊन बेरी पिकवू लागला आणि रस्त्याकडेला विकू लागला. जवळच्या अ‍ॅनाहाइममधल्या रुडॉल्फ बॉयसन यांनी एक संकरित बेरी तयार करून नंतर सोडून दिली होती. तिची मरायला टेकलेली रोपं वॉल्टरने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जगवली आणि फळाला ‘बॉयसनबेरी’ असं त्याच माणसाचं नाव दिलं. मग आली मंदी. १९३४मध्ये वॉल्टरची बायको कॉर्डेलिया हिने घरच्या लग्नातल्या काचेच्या ताटांत आठ माणसांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. दर माणशी ६५ सेंट. या आठ ताटांतून जे हॉटेल उभं राहिलं त्याच्यासमोर काही वर्षांतच रविवारी तासन्‌तास रांगा लागू लागल्या.

रांगेतली भुकेली माणसं कंटाळतात, चिडतात, निघूनही जातात. त्यांना गुंतवायला वॉल्टरने १९४०पासून शेतात एक गाव उभारायला घेतलं: ‘घोस्ट टाउन’. शब्दशः घेतलं तर भुतांचं गाव, पण इंग्रजीत त्याचा अर्थ ओस पडलेलं गाव. अमेरिकेच्या पश्चिम भागात सोन्या-चांदीच्या खाणींभोवती गावं वसली आणि खाण आटली की एका पिढीत उजाड झाली. तिथली जुनी लाकडी घरं विकत घेऊन वॉल्टरने इथे आणून उभी केली, काही त्याच धर्तीवर नवी बांधली. त्याची आजी छपराच्या घोडागाड्यांच्या तांड्यातून वाळवंट ओलांडून आली होती. तिच्या गोष्टी त्याच्या डोक्यात होत्या. पुढे १९५१मध्ये त्याने मोहावी वाळवंटातलं कॅलिको हे चांदीच्या खाणीचं ओस गावच विकत घेतलं, डागडुजी केली आणि १९६६मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. ब्वेना पार्कच्या गावात मात्र तोवर एकही भूत नव्हतं. होती ती जेवणाच्या नंबराची वाट बघणारी माणसं.

१९५५मध्ये काही मैलांवर डिस्नेलँड उघडलं. नॉट कुटुंबाने बड हर्लबट या कारागिराकडून खाणीची गाडी (१९६०) आणि ओंडक्याची होडी (१९६९) अशा दोन मोठ्या सफरी बांधून घेतल्या, आणि १९६८मध्ये बागेभोवती कुंपण घालून प्रवेशाला तिकीट लावलं. शेताची बाग झाली. बाग झाली की तिचा हंगाम ठरतो: सुट्टीत पैसा, शाळा सुरू झाल्या की शुकशुकाट. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रिकाम्या रात्रींना काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडच्या तमाशाच्या फडमालकालाही पावसाळ्यात पडतो. नॉट्सने त्याचं उत्तर १९७३मध्ये दिलं. कर्मचाऱ्यांच्या एका बैठकीत सूचना आली की हॅलोवीनच्या सुमारास तीन रात्री गाव भुतांचं करू. नाव तर तेहतीस वर्षांपूर्वीच ठेवून झालेलं होतं.

हॉलिवुडमधून खोटी प्रेतं भाड्याने आणली. सूत्रधार म्हणून टीव्हीवर भयपटांची टर उडवणारा ‘सिनिस्टर सेमूर’, म्हणजे नट लॅरी व्हिन्सेंट, याला बोलावलं. पण नुसते पुतळे बघून माणसं घाबरणार नाहीत, हे हर्लबटला कळलं. तो स्वतः गोरिलाचा वेष चढवून आपल्याच खाणीच्या गाडीत शिरला आणि प्रवाशांच्या अंगावर धावून जाऊ लागला, अशी हकिकत सांगतात. मला ती फार महत्त्वाची वाटते. डिस्नेलँडमध्ये १९६९ला उघडलेल्या भूतबंगल्यात भुतं काचेतली होती. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२च्या नाताळात जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेत प्रतिबिंब पाडून रंगमंचावर भूत दाखवलं होतं, तीच युक्ती. ती भुतं नाचतात, पण तुमच्यापर्यंत येत नाहीत. नॉट्सचं भूत तुमच्याकडे बघून ठरवतं, की या घोळक्यात सगळ्यांत भित्रा कोण. पुढे त्यांनी गुडघ्यांना लोखंडी पत्रे बांधले आणि धुरातून रस्त्यावर घसरत, ठिणग्या उडवत अंगावर येऊ लागले. आपल्या कोकणातल्या दशावतारात संकासुर प्रेक्षकांत शिरतो तेव्हा पुढे बसलेली पोरं अशीच आईच्या मागे पळतात.

दुसऱ्या वर्षापासून तिकिटं संपू लागली. १९८२पासून ‘एल्विरा’ हे टीव्हीवरचं पात्र इथे अनेक वर्षं रंगमंचावर आलं. १९९१मध्ये फ्लोरिडात युनिव्हर्सल स्टुडिओने तीन रात्रींपासूनच हाच धंदा सुरू केला. आज अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या बागांना ऑक्टोबर हा दुसरा उन्हाळा वाटतो.

तिकिटाच्या आधी मात्र ही भीती घरगुती होती. मंदीच्या काळात हॅलोवीनच्या रात्री पोरांचा धुडगूस फार वाढला होता: दिवे फोडणं, गाड्या उलटवणं, दारं-फाटकं पळवणं. शिमग्यात आपल्याकडे लाकडं पळवतात, त्याचीच ही आडदांड आवृत्ती. पोरांना घरात अडकवायला पालकांनी तळघरात ‘भीतीची वाट’ रचायला सुरुवात केली. १९३७च्या एका पुस्तिकेत कृतीच दिलेली आहे: अंधाऱ्या वाटेवर जुनी फर टांगा, भिंतीला कच्च्या कलेजीच्या पट्ट्या लावा, छतावरून ओले स्पंज सोडा, कोपऱ्यातून कण्हण्याचे आवाज काढा. आजच्या लाखो डॉलरच्या भुलभुलैयातही कृती तीच आहे, कलेजीच्या जागी रबर आलं एवढंच.

या अंधारात एक अडचण मुळापासून आहे. खरं काय आणि खोटं काय हे कळू नये, यासाठीच तर पैसे दिलेले असतात. ते खरोखरच कळलं नाही तर?

डिसेंबर १९७६. ब्वेना पार्कपासून फार लांब नसलेल्या लाँग बीचच्या जुन्या करमणूक मैदानात ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं. तिथल्या अंधाऱ्या भूतगाडीच्या वाटेवर एक रंगवलेला पुतळा फासावर लटकत होता. कामगाराने तो बाजूला सरकवला तसा हात तुटला आणि आत हाड दिसलं. तो पुतळा नव्हता. एल्मर मॅकर्डी नावाच्या, १९११मध्ये ओक्लाहोमात पोलिसांच्या गोळीने मेलेल्या रेल्वे दरोडेखोराचं ते सुकलेलं प्रेत होतं. न्यायला कोणी आलं नाही म्हणून मसाला भरणाऱ्याने ते दारात उभं करून पैसे घेऊन दाखवलं. मग भाऊ असल्याची थाप मारून जत्रेवाल्यांनी ते पळवलं, आणि तंबूतून तंबूत, मालकाकडून मालकाकडे जाता जाता हा माणूस होता हेच सगळे विसरले. एप्रिल १९७७मध्ये ओक्लाहोमातल्या गथ्री इथे त्याला पुरलं. पुन्हा कोणी उकरू नये म्हणून वर काँक्रीट ओतलं.

मॅकर्डीची गोष्ट अमेरिकेत हसत सांगतात. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती हसत सांगण्यासारखी नाही.

न्यू जर्सीतल्या जॅक्सन टाउनशिपमध्ये ‘सिक्स फ्लॅग्स ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ ही बाग आहे. तिथला ‘हाँटेड कॅसल’ म्हणजे ट्रकमागे जोडतात तसे सतरा डबे एकमेकांना जोडून केलेला किल्ला. डबे हलवता येतात म्हणून बांधकाम ‘तात्पुरतं’ धरलं गेलं, आणि पक्क्या इमारतीला लागू होणाऱ्या आगीच्या नियमांतून ते सुटलं. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षं जागचा हलला नव्हता. पाण्याचे फवारे नाहीत, धूर ओळखणारी यंत्रं नाहीत. ११ मे १९८४च्या संध्याकाळी आत आग लागली. एका वळणावर बंद पडलेल्या दिव्यामुळे एका मुलाने लायटर पेटवला आणि तो भिंतीच्या फोमला लागला, असं तपासात पुढे आलं. बचाव पक्षाने ही मुद्दाम लावलेली आग असल्याचं म्हटलं. फोम भडकला. नागमोडी वाटेत, धुरात, बाहेरचा रस्ता सापडला नाही. आठ जण गेले, सगळे किशोरवयीन. आत शिरलेल्या जवानांना ते आधी पुतळेच वाटले, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे.

१९८५मध्ये मनुष्यवधाच्या खटल्यातून कंपनी निर्दोष सुटली. पण नियम बदलले. अमेरिकेच्या इमारत आणि अग्निसुरक्षा संहितांमध्ये ‘विशेष करमणूक इमारत’ हा वेगळा वर्ग आज आहे: जिथे वाट मुद्दाम हरवलेली आहे, तिथे बाहेर पडायची वाट अधिक जपायला हवी, हा त्यामागचा विचार. आपोआप सुटणारे फवारे हवेत. चाकांवरच्या वास्तूलाही सूट नाही. कायमची नळजोडणी नसेल तर पाण्याची तात्पुरती सोय करा. आणि एक कलम मला विशेष वाटतं: धुराचा इशारा मिळताच बाहेरच्या वाटेवर उजेड झाला पाहिजे आणि गोंधळात टाकणारे सगळे आवाज आणि देखावे थांबले पाहिजेत. म्हणजे किंकाळ्या बंद, दिवे चालू. खऱ्या संकटात खोटं संकट आधी विझवायचं, हे कायद्याने लिहून ठेवलं आहे.

२५ मे २०२४ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागून मुलांसह २७ जण गेले. पत्र्याची शेड, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नाही. ती बातमी वाचताना मला ते सतरा डबे आठवले. आपल्या यात्रांतल्या भूतबंगल्याच्या कापडी तंबूला तर ‘तात्पुरतं’ याखेरीज दुसरं नावच नसतं, आणि वीज येते ती शेजारच्या पाळण्याच्या जनरेटरवरून.

भाचीला मी एवढं सगळं लिहून पाठवलं नाही. बेतात फक्त दोन ओळी घालायला सांगितल्या: प्रत्येक भुलभुलैयात शिरताना बाहेरच्या दिव्यांकडे थोरल्याचं लक्ष वेधायचं, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवायची. बागेच्या मालकीचा एक बदलही कळवला. नॉट कुटुंबाने १९९७मध्ये ती सीडर फेअर कंपनीला विकली, आणि जुलै २०२४मध्ये ती कंपनी सिक्स फ्लॅग्समध्ये मिसळली. मधल्या चाळीस वर्षांत मालक, माणसं, नियम सगळं बदललं आहे; पण कॅलिफोर्नियाचं ओस गाव आणि न्यू जर्सीची ती बाग आता एकाच पाटीखाली आहेत.

तिच्या बेतातली पहिली ओळ आहे ‘साडेपाच, चिकन’. कॉर्डेलियाचं हॉटेल अजून चालतं, कुंपणाच्या बाहेर. तिथे जायला बागेचं तिकीट लागत नाही. हॅलोवीनच्या रात्रींसाठी जेवणाचं एक वेगळं तिकीटही मिळतं, आणि ते काढणाऱ्यांना काही भुलभुलैयांत इतरांच्या आधी सोडतात. १९४०मध्ये जेवणाची रांग सुसह्य व्हावी म्हणून गाव उभारलं. आता भुतांची रांग टळावी म्हणून लोक आधी जेवून घेतात.