गोटीची बाटली आणि दातांचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मी शीतपेयांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटले असेल. लॅमिंग्टन रोडवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो परका नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला आहे. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. गोटीची बाटलीही त्याच आमदानीतली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले, आणि १८८९ साली दिनशाजी पांडोळे यांनी मुंबईत 'ड्यूक'चा कारखाना काढला.

आमच्या घरी सोडा हे पेय नव्हते, औषध होते. लग्नाचे जेवण अंगावर आले की वडीलधारी मंडळी फट्कन गोटी फोडीत आणि एका दमात बाटली रिकामी करीत. त्या साध्या सोड्यात साखर नसे आणि अम्लही सौम्य. दातांचे त्याने फारसे बिघडले नाही.

१९७७ साली कोका-कोलाने भारत सोडला, तेव्हा मी शाळेत होतो. गोल्ड स्पॉट आणि लिम्का आमच्या ओळखीचे होतेच. थम्सअप त्याच साली आले. पैसे मोजके, म्हणून बाटली पुरवून प्यायची. सिनेमाच्या मध्यंतरात घेतलेली बाटली शेवटपर्यंत कोण पुरवतो, अशी आमची पैजच लागे. ही काटकसरच आम्हांला महागात पडत होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

दाताचे कवच सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते. कोलाचा सामू सुमारे २.५ असतो. शिवाय ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण तीस ग्रॅम साखर. तोंडातले जंतू तिचेही अम्ल करतात, म्हणजे मारा दुहेरी. अमेरिकेत रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात दाखवले, की साखर तोंडात जाताच काही मिनिटांत दातांवरचे अम्ल वाढते आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. दर घोटाला हे चक्र पुन्हा सुरू होते. याच अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांनी १९५० साली संसदीय समितीपुढे कोलात दात मऊ पडतो अशी साक्ष दिली, ती फार गाजली. मला ती अपुरी वाटते. तोंड म्हणजे पेला नव्हे. तिथे लाळ आहे, ती अम्ल धुते आणि कवचाला खनिज परत देते. मात्र तिला उसंत हवी. आम्ही तीच देत नव्हतो.

१९९३ साली कोका-कोला परतला. पुढे मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये जाऊन बसल्या, आणि पैज न लावताही दिवसभर घोट घेणे सुरू झाले. धारवाडला १९८६ पासून दंत महाविद्यालय आहे, ही त्यातल्या त्यात सोय. प्यायचेच तर जेवणाबरोबर, एका बैठकीत प्यावे, वर साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच ब्रश मात्र घासू नये, कारण अम्लाने कवच मऊ झालेले असते.

माझी उजवीकडची दाढ चाळिशीआधीच गेली. सारे पाप बाटलीवर घालणार नाही, धारवाडी पेढाही त्यात सामील आहे. पण मध्यंतराची ती पैज बहुतेक वेळा मीच जिंकत असे.