ऐकून घेण्याच्या कामाचं मोल



गावात कुणी चार दिवस धड जेवत नाही, कुणी घराबाहेर पडत नाही, कुणी एकटंच बडबडतं, की निरोप बहुतेक वेळा बाईकडेच येतो. आशाताई जाते, बचत गटाची अध्यक्षा जाते, शेजारची मावशी जाते. उंबऱ्याशी बसायचं, ऐकून घ्यायचं, दवाखान्यात न्यायला घरच्यांना राजी करायचं. यात अख्खी दुपार जाते. मग याला काम म्हणायचं की माया? काम म्हणायचं, तर त्याचे पैसे कुणाला मिळाले आणि कुणाला नाही? आज आपण हा हिशेब जरा मागे जाऊन मांडू.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा इथली मनोरुग्णालयं इंग्रजांच्याच काळातली. त्या काळी अशा ठिकाणी पगार असे तो डॉक्टरला आणि राखण करणाऱ्यांना. माणूस पळू नये, कुणाला इजा करू नये, एवढंच बघायचं. त्याच्याशी बोलण्यासाठी वेगळा माणूस नव्हता. खाटा तरी किती होत्या? १९४६ साली भोर समितीनं सरकारला अहवाल दिला. देशभरात जेमतेम दहा हजार खाटा, म्हणजे चाळीस हजार लोकांमागे एक. मग उरलेल्यांना कुणी सांभाळलं? घरानं. घरानं म्हणजे आईनं, बायकोनं, सुनेनं. त्यांची हजेरी कुठल्याच पटावर लागली नाही.

ऐकून घेणं हेही शिकायचं काम आहे, ही समज आपल्याकडे मुंबईतून पुढे आली. १९३६ साली तिथे समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. डॉक्टर औषध देणार आणि समाजसेविका घरची परिस्थिती समजून घेणार. आजारी बाईला सासरी परत घेतील का, औषधाला पैसे आहेत का, हे विचारण्यासाठी आता पगारी माणूस आलं. पुढे १९५४ साली बंगळूरला मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. आज आपण तिला निम्हान्स म्हणतो. तिथे डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि मनोरुग्णांच्या परिचारिकाही तयार होऊ लागल्या.

पुण्याचं मुक्तांगण तर आपल्या ओळखीचं. १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे पुढे समुपदेशक झाली. दारुड्याच्या बायकोलाही आधार लागतो हे ओळखून तिथे बायकांचा वेगळा गट चालू झाला. ज्यानं सोसलंय, त्याला ते दुसऱ्याला समजावता येतं, हे तिथे दिसलं.

सरकारनं १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणला आणि १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यात नेण्यास सुरुवात केली. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोरुग्ण समाजसेवक कुणाला म्हणायचं, हेही त्या कायद्यानं सांगितलं.

पण तालुक्याला तज्ज्ञ मिळत नाहीत, मग काय करायचं? गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. आरोग्याचं आधी काहीच न शिकलेल्या समुपदेशकांना तयार करून उदासीनतेच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. २०१० साली निकाल छापून आले. त्या केंद्रांत जास्त रुग्ण बरे झाले होते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच माणसांनी स्वयंसेवक म्हणून हे काम केलं. म्हणजे गावच्या बाईला हे काम जमतं, याचा पुरावा आहे.

आमचं म्हणणं इथेच आहे. जमतं हे सिद्ध झालं, पण पैसे द्यायची वेळ आली की ‘सेवा’ हा शब्द पुढे येतो. २०१८ पासून गावपातळीच्या आरोग्य केंद्रांच्या कामांत मानसिक आरोग्यही आलं. आशाताईचा मात्र पगार नाही, मोबदला आहे. नेहमीच्या कामांसाठी केंद्राकडून मिळणारे महिना १,००० रुपये २०१८ साली २,००० झाले आणि २०२५ मध्ये ३,५०० करण्यात आले. राज्याचे आणि कामागणिक मिळणारे पैसे वेगळे. याच्या शेजारी राज्य सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ठेवून बघा. ते ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं आणि त्यावर भत्ते. हा फरक मायेचा नाही, प्रमाणपत्राचा आणि मंजूर पदाचा आहे.

म्हणून घरात शिकणारी मुलगी असेल, तर वाट माहीत असू द्या. बारावीनंतर नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम कोर्स असतो आणि पुढे मनोरुग्ण परिचर्येचा एक वर्षाचा पदविका कोर्स करता येतो. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यापुढे मनोरुग्ण समाजकार्याचं शिक्षण ही दुसरी वाट. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेला अभ्यासक्रमच हवा. चार आठवड्यांत ‘समुपदेशक’ करून देतो म्हणणाऱ्याला फी भरण्याआधी विचारा, मान्यता कुणाची? नोकरी मिळाली की विचारा, पद कायम की कंत्राटी? कंत्राट किती महिन्यांचं? भविष्यनिर्वाह निधी कापणार का?

आणि ज्या आपण शिकायच्या वयाच्या पुढे गेलो, त्यांनी एक करू या. अशा घरी गेलो की गटाच्या वहीत तारीख आणि दिलेले तास लिहू. त्या घरचं नाव मात्र लिहायचं नाही, ती त्यांची खासगी गोष्ट आहे. वर्षाअखेरीस ही वही ग्रामसभेत ठेवू. मोबदला मागायचा, तर आधी काम कागदावर दिसायला हवं.

जाता जाता एक नंबर लिहून घ्या, १४४१६. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारची टेलिमानस सेवा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. पलीकडे ऐकून घ्यायला माणूस पगारावर बसलेलं आहे. दुसऱ्याचं ऐकून आपलंच मन जड झालं, तरीही हा नंबर लावायचा.