दुर्मीळ संग्रहांचे जतन : गारव्यापेक्षा स्थिर हवामान महत्त्वाचे

भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी आणि हिंदी या दोन्ही मूळ हस्तलिखित प्रती १९९४ मध्ये संसद ग्रंथालयात खास तयार केलेल्या हवाबंद काचपेट्यांत ठेवण्यात आल्या. अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्था आणि नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्यातून ही व्यवस्था साकारली. पेट्यांमधील प्राणवायू काढून तेथे निष्क्रिय वायू भरण्यात आला आणि आर्द्रता ठरावीक मर्यादेत राहील अशी योजना करण्यात आली.

कागद, लाकूड, चामडे, कापड आणि ताडपत्र हे पदार्थ हवेतील ओलावा शोषतात व सोडतात. त्यामुळे ते फुगतात आणि आकसतात. त्यांवरील रंगाचा थर त्याच प्रमाणात हलत नाही आणि त्याचे पापुद्रे सुटतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिल्यास बुरशी वाढते, तर अतिकोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो. उष्णतेने कागदातील आम्लाची प्रक्रियाही वेगावते.

स्थिर हवामानाचा लाभ दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे दिसून आला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे वेल्समधील मॅनोड येथील स्लेटच्या खाणीत हलवण्यात आली होती. तेथे सुमारे १७ अंश सेल्सिअस तापमान आणि ४२ टक्के सापेक्ष आर्द्रता सातत्याने राखण्यात आली. परिणामी चित्रांचे रंग सुटण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले.

मात्र, केवळ वातानुकूलन यंत्र बसवल्याने हा हेतू साध्य होत नाही. दिवसा यंत्र सुरू आणि रात्री बंद, अशा पद्धतीत आर्द्रतेचे रोजचे चढउतार वाढतात. पावसाळ्यात यंत्र बंद होताच बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार झालेल्या वस्तूंलगत आर्द्रता झपाट्याने चढते. अशा वेळी यंत्र नसलेली, जाड भिंतींची खोली अधिक सुरक्षित ठरू शकते.

सर्वत्र एकच काटेकोर मानक लागू करण्याचा आग्रहही आता मागे पडला आहे. स्थानिक हवामान, वस्तूंचे स्वरूप आणि ऊर्जेचा वापर यांचा विचार करावा, अशी भूमिका आंतरराष्ट्रीय संवर्धन संघटनांनी २०१४ मध्ये मांडली.

मर्यादित निधी असलेल्या ग्रंथालयांनाही काही उपाय सहज करता येतात. आर्द्रतामापकाची रोज नोंद ठेवणे, कपाटे बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवणे, गळती वेळीच थांबवणे आणि बंद पेटीत सिलिका जेल वापरणे हे त्यांतील प्रमुख होत. पोथी सुती बासनात बांधून लाकडी पेटीत ठेवण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे, कारण कापड आणि लाकूड बाहेरील आर्द्रतेचे चढउतार सौम्य करतात. बुरशीने नष्ट केलेली अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणूनच दुरुस्तीपेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व दिले जाते.