व्यापारचिन्ह व सेवाचिन्ह यांच्या खुणा

नाव, चित्र किंवा लेबलाशेजारी, बहुधा उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, बारीक छापल्या जाणाऱ्या तीन खुणा. टीएम ही रोमन अक्षरे मालाच्या, तर एसएम सेवेच्या चिन्हावर हक्क सांगतात. दोन्हींना नोंदणी लागत नाही. वर्तुळातील आर मात्र नोंदणी झालेल्या चिन्हालाच लावता येतो. अमेरिकेत 1946 च्या लॅनहॅम कायद्याने त्याला मान्यता दिली. भारतात एसएम क्वचितच दिसते. सेवेच्या नावापुढेही सर्रास टीएमच लावतात.

माल आणि सेवा यांतला फरक हैदराबादच्या आबिड्स भागात चांगला समजतो. जवळच्या मोअज्जम जाही मार्केटमधील कराची बेकरी (1953) बिस्किटे विकते. बिस्किटे हा माल, आणि मालाच्या चिन्हांची नोंदणी 1940 च्या कायद्यापासून होत आली. आबिड्समधील ताजमहाल हॉटेल (1948) येणाऱ्याला जेवू घालते, ती सेवा. सेवेसाठी नाव नोंदवण्याची सोय झाली ती 1999 चा व्यापारचिन्ह कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी लागू झाल्यावर. तोवर उपाहारगृहाच्या नावाची कोणी नक्कल केली, तर आपला लौकिक न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावा लागे. बिनानोंदणीच्या नावाला तो मार्ग आजही खुला आहे. हल्ली बिस्किटे वर्ग 30 मध्ये व उपाहारगृहे वर्ग 43 मध्ये नोंदवतात.

आबिड्स हे नावही मुळात दुकानाचेच. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सेवेतील अल्बर्ट अबीद यांच्या दुकानावरून ते सगळ्या भागाला पडले. आता ते स्थलनाम असल्याने केवळ त्या शब्दावर एका व्यापाऱ्याला मक्तेदारी मिळणे अवघड, आणि ते योग्यच आहे.

नोंदणी नसताना गोलातील आर छापणे हा 1999 च्या कायद्यातील कलम 107 चा भंग ठरतो. त्यासाठी पूर्वी 3 वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने कैद वगळून आर्थिक दंड ठेवला. परदेशातील नोंदणीच्या आधारे आर लावायचा, तर ती नोंदणी परदेशातील आहे हे तितक्याच ठळकपणे छापावे लागते. अर्ज दाखल होताच आर लावण्याची घाई अनेकजण करतात. ती चूक आहे: अर्ज व्यापारचिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी 4 महिने असतात, आणि प्रमाणपत्र त्यानंतर मिळते. हैदराबादचे अर्ज चेन्नई कार्यालयाकडे, तर महाराष्ट्राचे मुंबईकडे जातात. नोंदणी 10 वर्षे टिकते. मुदतीत नूतनीकरण न केल्यास चिन्ह नोंदवहीतून निघू शकते, आणि मग पाटीवरचा आरही उतरवावा लागतो.