देवराई: कौल आणि कुऱ्हाड

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गावाचे रान. मावळात तिला राई किंवा देवाचे रान म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी आणि गोव्यात देवराय. काही राया जेमतेम चार-दोन गुंठ्यांच्या, तर काही कित्येक एकर पसरलेल्या आहेत. आत देऊळ असतेच असे नाही. जुन्या रायांमध्ये बहुधा उघड्यावरच शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे अनघड दगड, असतो आणि शेजारी झिजलेली एखादी वीरगळ टेकवून ठेवलेली दिसते. काळकाई, वाघजाई, सोमजाई, झोलाई, शिरकाई, भैरी, वेतोबा, म्हसोबा ही इथली दैवते. पुराणांत यांतल्या फारच थोड्यांचा पत्ता लागतो.

ही प्रथा नेमकी केव्हा सुरू झाली हे सांगणारा लेख किंवा ताम्रपट दाखवता येत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुण्याच्या आसपासच्या मातृदेवतांची ठाणी तपासली. वस्तीबाहेर, जुन्या वाटांच्या तिठ्यांवर असलेल्या या ठाण्यांचा संबंध त्यांनी नांगरटीच्या आधीच्या, भटक्या पशुपालकांच्या काळाशी जोडला. गाव नंतर वसले आणि देवी त्याच्या आधीपासून तिथे होती, असे मानले की राईचे गावकुसाबाहेर असणे उलगडते. वीरगळींवरून मात्र राईचे वय ठरवण्याची घाई करू नये, कारण शेतात सापडलेले कोरीव दगड देवाच्या रानात आणून ठेवण्याची रीत सर्वत्र आहे.

लिखित आज्ञा शोधायच्या तर त्या दुसऱ्याच झाडांबद्दल सापडतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरील, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत, आणि रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत अशी ताकीद आहे. ही तरतूद मालकीच्या, फळे देणाऱ्या झाडांची. रानातल्या बेवारस झाडांची राखण गावाने देवावर सोपवली होती.

या राखणीचे नियम गावोगाव निराळे. काही रायांत वाळके पानही उचलायचे नाही आणि पायताण घालून शिरायचे नाही. काही ठिकाणी पडलेले लाकूड, फळे, मध आणि औषधी साल घेण्याची मुभा होती. पुणे जिल्ह्यातील अजिवलीच्या वाघजाईच्या राईत भेरली माडाची माडी काढली जाते, तरी राई टिकली आहे. उभे झाड पाडायचे असेल तर मात्र कौल घ्यावा लागे. मानकरी जमत, गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालून दगडाच्या अंगावर ओल्या कळ्या किंवा पाने चिकटवी आणि सगळे वाट पाहत. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कळी पडलीच नाही, तर बैठक पुढे ढकलली जाई. होकार मिळे तोही बहुधा देवळाच्या दुरुस्तीसाठी किंवा शिमग्याच्या होळीसाठी.

यात भक्तीबरोबर हिशेबही होता. कोकण आणि घाटमाथ्यावरची भातशेती राबावर चाले. रोपे टाकण्याआधी जमीन भाजायची, त्यासाठी वरकस जमिनीवरच्या झाडांची दरवर्षी कवळतोड व्हायची. त्यामुळे डोंगरउतारावरचे झाड सहसा खुंटाएवढेच राहत असे. जिथे कोयता पोहोचत नव्हता तो तुकडा म्हणजे राई, आणि गावचा बारमाही झरा पुष्कळदा तिथेच उगम पावे. कोप होईल ही धास्ती म्हणजे या सामायिक मालमत्तेवरचा पहारा होता. मात्र पहारा कोणाच्या हाती होता हेही पाहायला हवे. गाऱ्हाणे घालणारा गुरव आणि कौलाचा अर्थ लावणारे मानकरी वंशपरंपरेने ठरलेले असत. काही रायांत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. देवराईला गावाची लोकशाही म्हणून गौरवणारे लिखाण ही बाजू सोडून देते.

या पहाऱ्यामुळे काय वाचले ते आत शिरताच दिसते. गारंबीचा वेल माणसाच्या अंगाएवढा जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर चढत जातो आणि त्याला मीटरभर लांबीच्या शेंगा लटकतात. गुरांच्या औषधासाठी त्याची साल न्यायला लांबलांबच्या गावांतून माणसे येत. चांदकुड्याचा सरळसोट बुंधा आभाळात जातो. त्याचा चीक विषारी, पण साल कुटून पूर्वी तिच्या पिशव्या बनवत. सीताअशोक, अंजनी, बेहडा ही झाडे आहेतच. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. धनेशाला एवढी मोठी ढोली लागते की तरुण जंगल त्याच्या कामाचे नसते. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या रायीत आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे रानटी जायफळांची दलदल आहे. या झाडांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलाबाहेर गुडघ्यासारखी वाकून येतात.

इंग्रजी अमलात १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी झाली. घाटातल्या अनेक राया राखीव वनाच्या हद्दीत गेल्या, तर खोतीच्या मुलखात त्या गावकीकडेच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर घसरण वेगाने झाली. पानशेत धरणाच्या परिसरात रस्ता आला, त्यामागून कोळशाचे ठेकेदार आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेली झाडे कवडीमोलाने भट्टीत गेली. रस्ता नसणे हेही राईचे मोठे संरक्षण होते, हे तेव्हा ध्यानात आले.

याच सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या रायांची नोंद सुरू केली. त्यांचा लेख १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आला, आणि १९८१ मधील यादीत महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक राया होत्या. पुढच्या पाहण्यांत हा आकडा हजारांत गेला. त्यांच्या कामाचे वर्तमान श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावापर्यंत पोहोचले. तिथली काळकाईची राई वनखात्याने तोडीसाठी नेमली होती. गावकऱ्यांनी या दोघांना पत्र लिहून मदत मागितली, आणि कारण दिले ते राईतल्या ओढ्याच्या पाण्याचे.

नंतरचे संकट भाविकांकडूनच आले. मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढली, कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप उभा राहिला आणि खर्चाची तोंडमिळवणी करायला राईतलीच झाडे विकली गेली. काळकाई किंवा वाघजाई यांना दुर्गेचे रूप मिळाले, तसा उघड्यावर राहणारी, झाडांची सावली मागणारी देवी हा समजही विरळ झाला. जमिनीच्या मालकीचा गुंता वेगळाच. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर कोकणातल्या पुष्कळ देवरहाट्यांच्या सातबाऱ्यावर सरकारचे नाव लागले, वहिवाट गावाचीच राहिली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात ‘वन’ या शब्दाची व्याप्ती वाढवली, मालकी कोणाचीही असो. तेव्हापासून वन म्हणून नोंद झालेल्या देवरहाटीत सभामंडप वाढवायचा, तर देवाचा कौल उजवा पडूनही १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते.