निर्वासितांची हस्तलिखिते : डिजिटल जतन (चंद्रपूर–गडचिरोली)

पूर्व पाकिस्तानातून येऊन या जंगलपट्ट्यात वसलेल्या बंगाली कुटुंबांकडच्या हाती लिहिलेल्या आठवणी, पत्रे, अर्ज व वह्या यांच्या डिजिटल प्रती करणे, त्यांची नोंद ठेवणे आणि त्या वाचकांपर्यंत पोहोचवणे.

डिसेंबर १९६३मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला. त्याचे पडसाद पूर्व पाकिस्तानात उमटले; पुढच्याच महिन्यात खुलना, ढाका परिसरात दंगली उसळल्या आणि हिंदू कुटुंबांचे लोंढे भारतात आले. रायपूरजवळची माना छावणी हा अनेकांचा पहिला मुक्काम. अखंड चांदा जिल्ह्यातही वसाहती झाल्या. मुलचेरा तालुक्यातील विवेकानंदपूर, सुंदरनगर, देशबंधुग्राम ही गावे आणि चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प त्या काळाच्या खुणा होत. वसाहतींत नमःशूद्रांची संख्या मोठी. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे जुना कागद येथे आठवण असतो, तसाच जातीच्या दाखल्यासाठी जपलेला पुरावाही.

असे कागद बहुधा पत्र्याच्या पेटीत असतात. पावसाळी दमट हवेत शाई फुटते, टाचण्या गंजतात, वाळवी आणि कसर उरलेले काम करतात. लॅमिनेशन हा लोकप्रिय उपाय सर्वांत घातक, कारण ते कागद न फाडता काढता येत नाही. नाजूक पान स्कॅनरवर न दाबता वरून कॅमेऱ्याने टिपावे, पाठकोरी बाजूही सोडू नये. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवून तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा रूढ संकेत आहे.

खरी कसोटी नोंदीची. पानावर ‘पौष १३७०’ असेल, तर तो बंगाब्द, म्हणजे बंगाली सन. आपल्या हिशेबाने डिसेंबर १९६३–जानेवारी १९६४, ऐन दंगलीचा काळ. पत्त्यातला ‘चांदा’ पुढे चंद्रपूर झाला आणि २६ ऑगस्ट १९८२पासून गडचिरोली वेगळा जिल्हा आहे. जुने व नवे दोन्ही पत्ते नोंदवले नाहीत तर शोधणाऱ्याला कागद सापडत नाही. बारिशाल–खुलन्याच्या बोलीतला मजकूर प्रमाण बंगालीत ‘सुधारू’ नये. मराठी शाळेत शिकलेल्या नातवंडांसाठी मराठी अनुवाद शेजारी हवा. नुसत्या चित्राचा त्यांना काय उपयोग?

फाळणीच्या आठवणी जपण्याचे काम इतरत्रही झाले आहे. अमृतसरचे फाळणी संग्रहालय २०१७मध्ये खुले झाले. ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ने जगभरच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या. पण फाळणीच्या या स्मृतीत पंजाब ठळक आहे, इथला जंगलपट्टा फिका.

प्रसाराबाबत मात्र घाई नको. भारतात आल्याची तारीख ही साधी माहिती नव्हे. २५ मार्च १९७१ आणि ३१ डिसेंबर २०१४ या तारखांवर नागरिकत्वाचे वाद फिरतात. त्यामुळे नाव, गाव, तारीख असलेले पान इंटरनेटवर टाकणे कुटुंबाच्या अंगाशी येऊ शकते. लिहिणारा हयात नसेल तर वारसांची लेखी संमती घ्यावी, ती मागे घेण्याची मुभा ठेवावी, आणि मूळ कागद घरच्या पेटीतच परत जावा.